भुलीचं वेगळं बिल

चामराजपेटेत हेमलताबाईंना कुणी विचारलं की नोकरी कुठं करता, तर त्या म्हणत, "डॉक्टरांकडे." इथपर्यंत सगळं सरळ. पण पुढचा प्रश्न आला की गाडी अडायची. "दवाखाना कुठाय त्यांचा?" दवाखाना नाही. "मग पेशंट कुठं येतात?" येत नाहीत. "मग डॉक्टर करतात तरी काय?" झोपवतात. एवढं झाल्यावर समोरची बाई त्यांच्याकडे अशी बघे, की चांगली शिकली-सवरलेली बाई, काय वेळ आली बघा हिच्यावर.

त्यांचे यजमान बसवंतराव यशवंतपूरच्या बाजारात कांद्या-बटाट्याच्या अडत्याकडे कारकून होते. बायकोच्या नोकरीची थट्टा करायची एकही संधी ते सोडत नसत. "डॉक्टर लोकांना झोपवतात आणि आमची ही बिल घेऊन जाऊन त्यांना उठवते," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. हेमलताबाई म्हणत, "तुम्ही आपले कांदे बघा," आणि पदर खोचून कामाला लागत.

डॉक्टर पुरुषोत्तम मूळचे पुण्याचे. तिथं राहिले असते तर दारावर डॉक्टर मेहेंदळे अशी पाटी लागली असती. पण बंगळुरात आडनावाशी कुणाला देणंघेणं नसतं, म्हणून ते नुसतेच डॉक्टर पुरुषोत्तम झाले. ऑपरेशनच्या वेळी पेशंटला भूल द्यायची, हे त्यांचं काम. सकाळी या नर्सिंग होममध्ये अपेंडिक्स, दुपारी त्या नर्सिंग होममध्ये सिझेरियन, संध्याकाळी तिसरीकडे कुणाचा मोडलेला पाय. स्कूटरच्या पुढच्या जागेत औषधांची काळी बॅग उभी करायची, तिला दोन्ही गुडघ्यांनी धरायचं आणि निघायचं. आणि काम असं बेटं, की जितकं चांगलं कराल तितकं कुणाच्या लक्षात राहत नाही. पेशंटला कापणारा सर्जन आठवतो, टाके काढणारी नर्स आठवते, पाणचट चहा आणून देणारी आयासुद्धा आठवते. भुलीचा डॉक्टर तोंडाला मास्क बांधून येतो, दोन शब्द बोलतो आणि तेवढ्यात पेशंट झोपतो. पेशंट जागा होईपर्यंत हे महाशय स्कूटरवरून दुसऱ्या गल्लीत गेलेले असतात.

हेमलताबाई या उद्योगात आल्या त्या हळदीकुंकवामुळे. डॉक्टरांच्या बायकोनं, अंजलीवहिनींनी, मराठी बायकांना घरी बोलावलं होतं. हेमलताबाई मूळच्या निपाणीच्या. मराठी आणि कन्नड दोन्ही घरचीच. वहिनी वाण देण्यात गुंतल्या होत्या आणि फोन काही थांबेना. शेवटी हेमलताबाईंनीच तो उचलला. एका सर्जनला डॉक्टर हवे होते, दुसऱ्यालाही त्याच वेळी हवे होते, आणि तिसऱ्या ठिकाणची बाई कळा देत होती. हेमलताबाईंनी पहिल्याला कन्नडमध्ये गोड बोलून थोडं मागं ढकललं, दुसऱ्याला उद्यावर टाकलं, बाळंतिणीकडे डॉक्टरांना तडक पिटाळलं, आणि मग येऊन कुंकू लावून घेतलं. अंजलीवहिनींनी हातातलं तबक खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही याल का हो? मी या फोनला कंटाळले." दुसऱ्या दिवसापासून वहिनींच्या घराची पुढची खोली म्हणजे ऑफिस झाली. एक टेबल, फोन, भिंतीवर कॅलेंडर, आणि पुढं पेजर आल्यावर डॉक्टरांच्या कमरेला ती पिपाणी. ती वाजली की समजायचं, हेमलताबाईंचा हुकूम आला.

वेळा जुळवण्यात बाईंचा हात कुणी धरला नसता. गाडं अडत होतं ते पाकिटाशी.

त्या काळात भुलीच्या डॉक्टरचं वेगळं बिल नसायचंच. पेशंट सर्जनला पैसे देई आणि सर्जन आपल्या मर्जीनं भुलीच्या डॉक्टरला त्यातून एक पाकीट देई. आत किती, ते देणाऱ्याच्या मनावर. पेशंटनं हात आखडता घेतला, की कात्री लागे ती पाकिटाला. वर तक्रार करायची सोय नाही, कारण पाकीट असं प्रेमानं दिलं जाई, की उघडून बघणं म्हणजे लग्नातला आहेर मांडवातच मोजण्यासारखं. डॉक्टर पुरुषोत्तम तर इतके भिडस्त, की पाकीट न बघता स्कूटरच्या डिकीत टाकत. पाऊस झाला की वहिनी ती डिकी उपसून पाकिटं दोरीवर वाळत घालत.

सगळ्यात जास्त केसेस येत त्या डॉक्टर देवाप्पांच्या नर्सिंग होममधून. देवाप्पा चिकोडीकडचे, देहानं अवाढव्य, आवाजानं त्याहून, आणि मनानं राजा माणूस. पाकीट हलकं झालं की त्यांनाच वाईट वाटे, मग ते सोबत शेतावरचे नारळ देत. डॉक्टर पुरुषोत्तमांच्या घरी नारळ इतके साठले होते, की वहिनी ते शेजारच्यांना वाटत आणि शेजारचे आता दार उघडेनासे झाले होते.

यातच मस्कत निघालं. वहिनींचा भाऊ तिथं होता. तिथल्या हॉस्पिटलला भुलीचा डॉक्टर हवा होता. पगार, घर, गाडी, सगळं देत होते. दिवाळीपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. वहिनी एके दिवशी ऑफिसात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हेमलताबाई, मला पैशाचा लोभ नाही. पण इतकी वर्षं हा माणूस या गावात लोकांचा जीव सांभाळतोय आणि रस्त्यात एक माणूस त्यांना ओळखत नाही. बिननावाचंच राहायचं असेल तर निदान एसीच्या थंडगार हवेत तरी राहू."

हेमलताबाईंनी मनात हिशेब मांडला. डॉक्टर गेले तर ऑफिस गेलं. मग दीर होतेच वाट बघत. त्यांचं चामराजपेटेत उदबत्तीचं दुकान होतं आणि हेमलताबाईंनी गल्ल्यावर बसावं, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. दिवसभर त्या वासात बसायचं आणि "अक्का, स्वल्प कमी करा की, थोडं तरी" ऐकायचं. हेमलताबाईंना आपली नोकरी आवडत होती, अगदी मनापासून आवडत होती. तो फोन, ती धावपळ, एकाच वेळी तीन सर्जनांना ताटकळत ठेवून तिघांनाही खूश ठेवणं, हे सगळं सोडायचं या कल्पनेनंच त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून त्या उठल्या आणि थेट देवाप्पांकडे गेल्या. "सर, पाकीट नको. आमचं बिल वेगळं असू दे. डॉक्टरांच्या नावाचं. पेशंटला तुमच्या बिलाबरोबरच मिळेल, पैसे मी वसूल करीन."

देवाप्पांना राग आला नाही, वाईट वाटलं. "हेमक्का, मी काय कमी दिलं काय?"

"कमी-जास्तीचं नाही, सर. पेशंटला कळायला नको, आपल्याला कुणी झोपवलं आणि कुणी पुन्हा उठवलं ते?"

देवाप्पांनी एकदा पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. दिवाळीपर्यंत करून बघा. पण ह्या बिलापायी माझ्या नर्सिंग होममध्ये भांडण झालं, पेशंट ओरडला, की पुन्हा पाकीट. मग मला काही सांगायचं नाही."

गणपतीचं विसर्जन नुकतंच झालं होतं. हेमलताबाईंनी छापखान्यात जाऊन झकास बिलं छापून आणली. वर ठळक अक्षरात डॉक्टरांचं नाव. बसवंतरावांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "लग्नपत्रिकेसारखी झालीयेत. आहेर आणू नये, असं खाली टाकायचं राहिलं."

आणि मग गंमत सुरू झाली. डिस्चार्जच्या दिवशी सर्जनच्या बिलाबरोबर दुसरं एक बिल हातात पडलं, की लोक ते उलटून-पालटून बघत. एक बाई म्हणाल्या, मी लवकर जागी झाले, उरलेल्या झोपेचे पैसे कमी करा. एका मास्तरांना कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचं अंग बधिर केलं होतं. ते म्हणाले, अर्धंच अंग बधिर झालं तर बिल पूर्ण कसं? हेमलताबाई म्हणाल्या, "मास्तर, सगळं अंग बधिर करणं सोपं असतं, ते भाषण ऐकूनही होतं. अर्ध्यालाच अक्कल लागते." मास्तर हसले आणि त्यांनी पैसे दिले. लोक देत होते, नाही असं नाही. पण देताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच. हा कोण पुरुषोत्तम? आम्ही याला बघितलेला नाही. हेमलताबाई समजूत घालत, चिमटे काढत, हसवत, आणि एकेक बिल पदरात पाडून घेत. दिवाळी जवळ येत चालली होती आणि भांडण काही झालं नव्हतं.

मग खंडोजींच्या पित्ताशयात खडे झाले.

खंडोजी म्हणजे चामराजपेटेतल्या मिलिटरी हॉटेलचे मालक. मिलिटरी हॉटेल म्हणजे सैन्याचं नव्हे. मटण मिळतं ते. बंगळुरातल्या जुन्या मराठा घरांचा हा पिढीजात धंदा. खंडोजींच्या आजोबांनी ते हॉटेल काढलं आणि तिथले खिम्याचे उंडे, म्हणजे गोळे, खायला लोक पार येलहंक्याहून येत. त्या उंड्यांत काय पडतं, ते खंडोजी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. मसाला ते स्वतः वाटत, दाराला आतून कडी लावून. पोरं मोठी झाली, सुना आल्या, पण कडी काही निघाली नाही.

ऑपरेशन छान झालं. डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी देवाप्पांचं बिल मुकाट्यानं दिलं. मग दुसरं बिल बघितलं, वरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "हा कोण?" त्यांनी विचारलं. नर्सनं सांगितलं, भूल देणारे डॉक्टर. "भूल देताना माझ्याशी बोलत होता तो?" तेच ते. झालं. खंडोजींनी पोटावर हात धरला आणि वॉर्ड दणाणून सोडला. हा माणूस चोर आहे. एक पैसा देणार नाही. उलट त्यानंच माझं परत द्यायला पाहिजे. आजूबाजूच्या खाटांवरचे पेशंट उठून बसले. ज्यांच्या हातात तसलीच बिलं होती, त्यांनी ती उशीखाली सारली.

देवाप्पांचा फोन आला तेव्हा हेमलताबाई डबा उघडत होत्या. "हेमक्का, मी काय म्हणालो होतो? खंडोजीसारखा माणूस चोर-चोर म्हणतोय माझ्या दवाखान्यात. आजच्या आज मिटवा. नाहीतर उद्यापासून पाकीट." आणि फोन आपटला. देवाप्पांनी फोन आपटण्याची ही पहिलीच वेळ.

डबा तसाच राहिला. बाहेर येऊन बघतात तर दारात रिक्षा. त्यातून लुंगी सावरत, एक हात टाक्यांवर धरून खंडोजी स्वतःच उतरत होते.

"हे त्या पुरुषोत्तमचं ऑफिस?"

"या अण्णा, बसा आधी. पाणी देऊ?"

"पाणी नको. माणूस पाहिजे मला. कुठाय?"

"केसला गेलेत. येतील इतक्यात. मला सांगा, झालं काय? काय चुकलं आमचं?"

खंडोजी खुर्चीत हळूहळू बसले. त्यांनी दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मी बेसावध असताना त्यानं माझं काढून घेतलंय."

हेमलताबाईंनी खुर्ची जवळ ओढली. तेव्हा वर्तमानपत्रांत काय काय छापून येत होतं. "काय घेतलं, अण्णा?"

"ते सांगता येत नाही."

"किडनी?" हेमलताबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"किडनी घेतली असती तर परवडलं असतं," खंडोजी म्हणाले. "किडन्या दोन असतात."

आता हेमलताबाईंना काही सुधरेना. किडनी नाही, पैसे नाहीत, अंगठी बोटात आहे, सोन्याचा दात जागेवर आहे. मग या माणसाचं गेलं तरी काय? त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं आणि खंडोजी पुन्हा पुन्हा मान हलवत राहिले. शेवटी त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. एवढा आडदांड माणूस, मिशा अशा, आणि लहान मुलासारखा रडवेला झालेला. "अक्का, माझ्या आजोबानं बापाला सांगितलं ते मरताना. बापानं मला सांगितलं ते मरताना. आणि मी त्या टेबलावर पडलो होतो, तर एका माणसानं गोड आवाजात विचारलं, खंडोजी, तुमचे उंडे कसे करतात हो? आणि मी सांगायला लागलो की! मी, खंडोजी! कुठपर्यंत सांगितलं ते मला आठवत नाही. आठवडाभर झोप नाही मला. आणि आता हा वर बिल पाठवतो?"

हेमलताबाईंनी पदर तोंडाला लावला. हसावं की रडावं, त्यांना कळेना. मस्कत, दीर, उदबत्त्या, सगळं खिम्याच्या उंड्यावर येऊन टेकलं होतं.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. डॉक्टर पुरुषोत्तम आत आले. हेल्मेटनं केस विस्कटलेले, शर्टाचं एक टोक बाहेर. दोन केसेसच्या मध्ये चहा प्यायला ते असेच येत. खंडोजींनी त्यांच्याकडे बघितलं आणि हा कुणी औषधं पोचवणारा असेल, असं समजून मान फिरवली.

डॉक्टरांनी मात्र खुर्चीतला माणूस आणि त्याचा टाक्यांवरचा हात बघितला. "असे पुढं वाकून बसू नका," ते म्हणाले. "पाठ टेका. टाके ओढतील."

खंडोजी ताडकन उठायला गेले, कळ आली, पुन्हा बसले. "हाच आवाज! अक्का, हाच तो!"

हेमलताबाई मध्ये पडल्या. "डॉक्टर, हे खंडोजी. यांनी तुम्हाला उंड्यांचं कुठपर्यंत सांगितलं, तेवढं यांना सांगा. बाकी काही बोलू नका."

दुसरा कुणी असता तर चक्रावला असता. डॉक्टरांना मात्र यात काहीच वावगं वाटलं नाही. ते टेबलाच्या कडेला टेकले, चष्मा पुसला, आणि जणू आत्ताच घडल्यासारखं सांगायला लागले. "खिमा दोनदा बारीक करून घेतला होता तुम्ही. डाळं भाजून त्याचं पीठ केलं. आलं-लसूण झालं. ओलं खोबरं घेतलंत. मग म्हणालात, आता खरी गंमत आहे, ही मी पोरांनाही सांगितलेली नाही. आणि डोळे मिटले तुमचे."

"मिटले?"

"मिटले."

"म्हणजे शेपूच्या काड्यांपर्यंत मी आलोच नव्हतो!" खंडोजी गरजले. त्यांच्या जिवात जीव आला होता. तोंडभर हसू पसरलं, आणि मग हळूहळू ते हसू जागच्या जागी थिजलं.

हेमलताबाई छताकडे बघायला लागल्या. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या बघत राहिल्या.

"मी मटण खात नाही," डॉक्टर पुरुषोत्तम शांतपणे म्हणाले. "अंडंसुद्धा नाही. आणि हेमलताबाईंना ऐकू कमी येतं."

"फारच कमी," हेमलताबाई म्हणाल्या.

खंडोजींनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग घसा साफ करून विचारलं, "मटण खात नाही, तर विचारलं कशाला?"

डॉक्टर जरा लाजले. "इतर जण पेशंटला आकडे मोजायला लावतात. माणूस मोजायला लागला की घाबरतो, छाती धडधडते. मी त्याला त्याच्या कामाचं विचारतो. शिंप्याला विचारतो कॉलर कशी बसवतात. बस ड्रायव्हरला विचारतो घाट कसा चढवतात. माणूस सांगायला लागला की आपल्या घरी पोचतो, आपल्या दुकानात पोचतो, आणि तिथंच त्याला झोप लागते. घाबरत नाही, औषधही कमी लागतं." ते थांबले. "फक्त माझं एक होतं. सगळं अर्धंच ऐकायला मिळतं. तो शिंपी कॉलर उलटवून थांबला, तो थांबलाच. पुढं काय करतात, मला अजून माहीत नाही. जागा झाल्यावर माझ्याशी कोण बोलणार? त्याला मी माहीतच नसतो."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, पण हेमलताबाईंना ते लागलं. इतकी वर्षं यांच्याकडे काम केलं आणि हे कधी विचारलं नाही. आपण गावभर बिल पाठवलं, वर ठळक नाव छापलं, आणि त्या नावाचा माणूस मात्र कुणाला दाखवलाच नाही. लोकांनी विश्वास ठेवायचा तो कशावर? त्यांना स्वतःचाच राग आला.

खंडोजींनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग कमरेच्या कनवटीतून पैसे काढून टेबलावर ठेवले. "अक्का, पावती द्या. नाव मोठं लिहा ह्यांचं," ते म्हणाले. दारापर्यंत जाऊन परत फिरले. "आणि त्या काड्यांचं..."

"कसल्या काड्या?" हेमलताबाई म्हणाल्या.

खंडोजी तसेच रिक्षा वळवून नर्सिंग होममध्ये गेले. जिथं आरडाओरडा केला होता, त्याच वॉर्डात उभे राहिले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, की डॉक्टर पुरुषोत्तम देवमाणूस आहे, सगळ्यांनी त्याचे पैसे मुकाट्यानं द्यावेत. मात्र टेबलावर त्यानं काही विचारलं तर तोंड उघडायचं नाही. संध्याकाळी देवाप्पांचा फोन आला. "हेमक्का, काय जादू केली? उशीखालची बिलं बाहेर आली. आणि सगळे म्हणतात, आम्हाला तो डॉक्टर बघायचाय."

"दाखवते की," हेमलताबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी नियमच केला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, टाय-बिय काही नको, पण मास्क न लावता डॉक्टरांनी पेशंटच्या खाटेपाशी जाऊन बसायचं, नाव सांगायचं आणि राहिलेली गोष्ट ऐकून घ्यायची. बिल त्यानंतर. डॉक्टरांनी खूप आढेवेढे घेतले. काय बोलू, त्यांना आवडेल का, उगीच कशाला. हेमलताबाई ऐकतायत होय! पिपाणी वाजवत राहिल्या. पहिल्या दिवशी डॉक्टर एका माळीणबाईंपाशी बसले आणि म्हणाले, "अबोलीचे देठ जुळवलेत आणि दोरा कुठून घेतलात, ते राहिलं." माळीणबाईंनी आधी बघितलं, मग ओळखलं, आणि गजरा शेवटच्या गाठीपर्यंत बांधून दाखवला. बिलावर कुणी परत उलटसुलट बोललं नाही. कॉलरवाला शिंपी देवाप्पांनी मुद्दाम शोधून काढला आणि चहाला बोलावला. ते स्वतःही आता पाकिटाचं नाव काढत नव्हते. नारळ मात्र येतच राहिले.

पण मस्कतचं उत्तर अजून गेलं नव्हतं. वहिनी गप्प होत्या, डॉक्टर गप्प होते आणि हेमलताबाईंची विचारायची छाती होत नव्हती. बिल लागू झालं म्हणजे मस्कत सुटलं, असं थोडंच असतं. घर, गाडी, थंडगार हवा तिथं होतीच.

दिवाळीच्या आदल्या दिवशी वहिनी म्हणाल्या, पणत्या घ्यायच्यात, चला. डॉक्टरही पिशवी धरायला आले. चामराजपेटेत ही गर्दी. पणत्यांच्या ढिगाशी वहिनी घासाघीस करत होत्या, तेवढ्यात एक बाई वळून आली. "डॉक्टर पुरुषोत्तम ना?" तिनं नवऱ्याला जवळ बोलावलं. "हेच ते, मला झोपवणारे." पुढच्या वळणावर एका मास्तरांनी छत्री उंचावून नमस्कार केला. फुलांच्या टोपल्यांपाशी माळीणबाईंनी वहिनींच्या केसांत गजरा माळला आणि पैसे घेतले नाहीत. वहिनींनी आधी हसून बघितलं, मग हसू कमी झालं आणि त्या नवऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. या गावात आपल्या नवऱ्याला कुणी नावानं हाक मारताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

मिलिटरी हॉटेलावरून जाताना तर खंडोजी गल्ल्यावरूनच ओरडले. अख्खा रस्ता वळून बघायला लागला. ते केळीच्या पानाचा पुडा घेऊन बाहेर आले. "डॉक्टर, घ्या. सुरणाचे उंडे. भांडं वेगळं, तेल वेगळं, चूल वेगळी. मसाला तोच. आजपर्यंत असले कुणासाठी केले नाहीत."

डॉक्टरांनी रस्त्यातच एक उंडा तोंडात टाकला. डोळे मिटून सावकाश खाल्ला. "वा. काय बरं घातलंय यात? ओळखूच येत नाही."

खंडोजींचा ऊर भरून आला. "ते नाही सांगणार," ते म्हणाले.

वहिनींनी पुडा नाकाशी नेला. "अहो, हा तर..." त्या बोलायला लागल्या, आणि हेमलताबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, खंडोजींकडे बघितलं, आणि मग पुन्हा एकदा नवऱ्याकडे. रस्त्यात उभा राहून खाणारा, मिशीला खोबरं लागलेला, आणि येणारे-जाणारे ज्याला नमस्कार करतायत असा त्यांचा नवरा.

"हेमलताबाई," त्या म्हणाल्या, "उद्या भावाला मस्कतला फोन लावून द्या. आम्ही येत नाही म्हणून सांगते."

हेमलताबाईंनी उंडा नुकताच तोंडात टाकला होता. त्यांना रडू आलं, भर रस्त्यात, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

खंडोजी घाबरून जवळ आले. "तिखट झालं का, अक्का?"

"स्वल्प," हेमलताबाई म्हणाल्या, आणि दुसरा उंडा उचलला.